कीर्द, खतावणी आणि अण्णांचा पाऊस

कॉम्प्युटर सुरू केला की आधी हिरवं चिन्ह येतं आणि मागोमाग अण्णांचा फोटो. त्या रात्री दोन्ही आलं नाही. काळ्या पडद्यावर बारीक पांढऱ्या अक्षरांच्या आठ-दहा ओळी उमटल्या, शेवटी कंसात ‘इनिट-रॅम-एफएस’ असा एक शब्द आला आणि त्याच्यापुढे एक रेघ लुकलुकत राहिली. मी दोन-तीन बटणं दाबून पाहिली. जे दाबलं ते अक्षर तेवढं उमटलं. माउस हलवला, तर बाण कुठेच दिसेना.

२०२३ चा मे संपत आला होता. संध्याकाळपासून वळवानं सांगलीला झोडपलं होतं, वीज चार वेळा गेली आणि चार वेळा आली. पडद्यावरच्या ओळींमध्ये एक ओळ मोठ्या अक्षरांत होती : अनएक्स्पेक्टेड इनकन्सिस्टन्सी. अनपेक्षित विसंगती. एकतीस वर्षं मी एका पतसंस्थेत हिशेब लिहिले. लेखापरीक्षणाच्या अहवालात विसंगती हा शब्द आला की सगळ्या शाखेच्या पोटात गोळा यायचा. निवृत्त होऊन चार वर्षं झाल्यावर तो गोळा माझ्या घरात, रात्री साडेदहाला पुन्हा आला.

त्या डिस्कवर काय होतं ते आधी सांगते. अण्णा म्हणजे माझे वडील, प्राथमिक शाळेत शिक्षक. १९६८ च्या जूनमध्ये त्यांनी अंगणात पर्जन्यमापक बसवला आणि २०१० पर्यंत पाऊस मोजला, रोज सकाळी साडेआठला. साडेआठलाच का, तर हवामान खात्याची वेळ तीच. वर्षाला एक वही, महिन्याला एक पान, दिवसाला एक ओळ. पानाच्या डोक्यावर महिना आणि साल. उजव्या समासात बारीक अक्षरात काहीबाही : ‘पेरणी झाली’, ‘कृष्णेला पाणी वाढलं’, ‘शाळा लवकर सोडली’. १९७२ च्या वहीत पानंच्या पानं शून्यं आहेत. त्यांचा एक नियम होता. पाऊस पडला नाही तर शून्य लिहायचं. पण ते परगावी असतील, आजारी असतील, मोजायचं राहून गेलं असेल, तर शून्य नाही, आडवी रेघ. मोजलंच नाही त्या दिवशी शून्य लिहिणं म्हणजे पाऊस नव्हता अशी खोटी साक्ष देणं, असं ते म्हणत. आम्हा भावंडांना हे त्यांनी इतक्यांदा ऐकवलं की आमच्या घरात ‘शून्य की रेघ?’ हा प्रश्न कशालाही विचारला जायचा.

अशा त्रेचाळीस वह्या. २०१९ च्या उन्हाळ्यात मी त्या ओळीनं काढून एकेका पानाचा मोबाइलवर फोटो घेतला, पाचशेच्या वर फोटो झाले. ऑगस्टमध्ये महापूर आला. गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरलं, तेव्हा आम्ही आयर्विन पुलाजवळची पातळी रेडिओवर ऐकत दुसऱ्यांच्या घरी बसलो होतो. परत आलो तेव्हा माळ्यावर ठेवलेल्या अकरा वह्या शाबूत होत्या, बाकीच्यांचे चिखलाचे गोळे झाले होते. म्हणजे बत्तीस वर्षांचा पाऊस आता फक्त फोटोंत उरला होता आणि फोटो त्या डिस्कवर होते. दुपारी जेवण झालं की मी एक पान उघडायची आणि आकडे तक्त्यात भरायची. तक्त्यासाठी ‘दुसरी प्रत’ नावाचं एक फोल्डरही केलं होतं. तेही त्याच डिस्कवर. एकाच कपाटाच्या दोन खणांत दोन चाव्या ठेवण्यासारखं ते आहे, हे तेव्हा मला खरंच सुचलं नव्हतं.

२०२० च्या जानेवारीत विंडोज सेव्हनची देखभाल थांबली, तेव्हा माझ्या भाच्यानं त्या जुन्या यंत्रावर लिनक्स मिंट घालून दिलं. तो पुण्यात असतो, याच कामात आहे. त्यानं तेव्हा सांगितलेलं एक वाक्य मी घट्ट धरून बसले होते : “आत्या, यात जर्नल असतं. लाइट गेली तरी घाबरायचं नाही.” आणि खरंच, तीन वर्षं कितीदा लाइट गेली, यंत्र परत सुरू व्हायचं, क्षणभर ‘रिकव्हरिंग जर्नल’ अशी ओळ दिसायची आणि सगळं जागच्या जागी.

म्हणून दोन दिवस आधी जे झालं त्याकडे मी दुर्लक्ष केलं. तक्ता साठवायला गेले तर साठवेना. ‘रीड-ओन्ली’ असं काहीतरी आलं. वाचता येतंय, लिहिता येत नाही. मी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं, सगळं नीट चाललं, मी विसरून गेले.

त्या रात्री भाच्याचा फोन लागेना. तो दिल्लीहून परतीच्या गाडीत होता. पडद्यावर जे लिहिलं होतं ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. विसंगती आहे, एफएससीके हाताने चालवा, असं ते सांगत होतं आणि डिस्कचं नावही देत होतं. ऑडिटरनं लेखी सूचना द्यावी तशी ही सूचना होती. मी ती पाळली. एफएससीके टाइप केलं, जागा सोडली, पुढे डिस्कचं नाव जसंच्या तसं टाइप केलं आणि एंटर दाबलं.

प्रश्न यायला लागले.

पहिला होता, एक ठोकळा वाचता येत नाही, ‘इग्नोअर एरर?’ पुढे वाय. मी वाय दाबलं. लगेच दुसरा, ‘फोर्स रिराइट?’ मला वाटलं, शाई पुसट झालेली ओळ आपण वरून पुन्हा गिरवतो तसं काहीतरी करत असणार. वाय. मग एकामागून एक : अमुक क्रमांकाच्या इनोडमध्ये चुकीचे ठोकळे आहेत, ‘क्लिअर?’ तमुक क्रमांकाच्या इनोडमध्ये कचरा दिसतो, ‘क्लिअर?’ पतसंस्थेत चेक क्लिअर झाला म्हणजे पैसे जमा झाले. थकीत खातं क्लिअर झालं म्हणजे येणं आलं. माझ्या तोंडात हा शब्द आयुष्यभर शुभ होता. मी वाय, वाय, वाय करत गेले, आणि दर वेळी एक काम मार्गी लागल्यासारखं वाटत होतं.

मग एका ओळीत माझ्या ओळखीचं काहीतरी दिसलं. ‘१९८३-०८’. मी स्वतः दिलेलं नाव. १९८३ च्या ऑगस्टच्या पानाचा फोटो. त्या नावापुढे असं लिहिलं होतं की हे नाव ज्या इनोडकडे बोट दाखवतं तो पुसलेला किंवा न वापरलेला आहे. आणि पुन्हा तोच प्रश्न, ‘क्लिअर?’

तेव्हा कळलं की इथे क्लिअर म्हणजे पुसून टाकणं.

हात कीबोर्डवरून उचलला तो उचललाच. नाही म्हणू की हो म्हणू, बंद करू की चालू ठेवू, यातलं काहीच ठरवता येईना. आमचा इन्व्हर्टर पंखे आणि दिव्यांपुरता आहे, कॉम्प्युटर त्याच्यावर नाही. खिडकीतून वीज चमकताना दिसत होती. तो प्रश्न पडद्यावर तसाच ठेवून मी शेजारी खुर्ची टाकून रात्रभर बसून राहिले. पहाटे पाचला डोळा लागला.

सात वाजता भाच्याचा फोन आला. पहिलं वाक्य : “आत्या, तू आता काहीही दाबू नकोस.” मग त्यानं कंट्रोल आणि सी एकत्र दाबायला सांगितलं, यंत्र बंद करायला सांगितलं, आणि म्हणाला की शनिवारी मी येतोय, तोवर त्याला हात लावायचा नाही. मी विचारलं, “अरे पण जर्नल होतं ना?” त्याला गाडी पकडायची नव्हती, मलाही कुठे जायचं नव्हतं. तासभर तो बोलला, आणि माझ्याशी बोलताना त्यानं माझीच भाषा घेतली.

जुन्या पद्धतीच्या हिशेबात व्यवहार झाला की तो आधी कीर्दीत चढतो, तारखेच्या क्रमानं. मग कीर्दीवरून तो ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणीत जातो. खतावणी करताना कारकून मध्येच उठला, एका खात्याला नावे पडली आणि दुसऱ्याला जमा राहिली, तरी गोंधळ होत नाही. दुसऱ्या दिवशी कीर्दीचं शेवटचं पान काढायचं, कुठवर चढवलंय ते पाहायचं आणि उरलेलं चढवायचं. डिस्कवरचं जर्नल म्हणजे ही कीर्द. फाइल साठवताना बऱ्याच ठिकाणी नोंदी बदलाव्या लागतात : कोणते ठोकळे वापरले, कोणते मोकळे राहिले, फोल्डरमध्ये कोणतं नाव आलं, आकार किती झाला. हे बदल आधी जर्नलमध्ये एकगठ्ठा लिहायचे, गठ्ठा पुरा झाल्याची खूण करायची आणि मग आपापल्या जागी न्यायचे. ईएक्सटी-४ या आमच्या पद्धतीत असा गठ्ठा साधारण दर पाच सेकंदांनी पुरा होतो. मध्येच वीज गेली, तर पुढच्या वेळी पुरे गठ्ठे पुन्हा चढवले जातात आणि अर्धवट असलेला सोडून दिला जातो. ‘रिकव्हरिंग जर्नल’ ही ओळ त्याचीच.

हे नव्हतं तेव्हा काय करत, असं मी विचारलं. १९९३ च्या ईएक्सटी-२ मध्ये जर्नल नव्हतं. वीज गेली की अख्खी डिस्क तपासायची. म्हणजे कारकून मध्येच उठला म्हणून सबंध वर्षाची दप्तरं काढून प्रत्येक पावती ताडून पाहायची. डिस्क मोठ्या होत गेल्या तशी ही तपासणी लांबत गेली. जर्नलची कल्पना बँकांच्या वगैरे माहितीसाठ्यांत आधीपासून होती. लिनक्सच्या या घराण्यात ती आणली स्टीफन ट्वीडी यांनी, ईएक्सटी-३ मध्ये, आणि २००१ मध्ये ती लिनक्सच्या मुख्य प्रवाहात आली. २००८ मध्ये ईएक्सटी-४ स्थिरावलं. हे ऐकताना मला ट्वीडी या माणसाबद्दल फार आपुलकी वाटली. हिशेब लिहिणाऱ्याचं मन असल्याखेरीज हे सुचणार नाही.

मग माझं काय चुकलं? भाचा म्हणाला, तुझी समजूत दोन ठिकाणी जास्त ताणली गेली. पहिलं म्हणजे नेहमीच्या मांडणीत या कीर्दीत फक्त मांडणीची नोंद होते, मालाची नाही. कोणतं पोतं कोणत्या खणात ठेवलं हे लिहिलेलं असतं, पोत्यातलं धान्य लिहिलेलं नसतं. फोटोतला मजकूर सरळ आपल्या जागी जातो. तो आधी जागेवर जाईल आणि मगच मांडणीची नोंद पक्की होईल, एवढी काळजी घेतली जाते. दुसरं म्हणजे कीर्द कारकून उठून गेल्यावर उपयोगी पडते. वहीच्या कागदालाच वाळवी लागली तर कीर्द काय करणार?

आणि त्याला वाळवीचाच संशय होता. रीड-ओन्ली आलं होतं असं मी सांगितल्यावर तो क्षणभर गप्प झाला. डिस्कवरचं काही वाचता आलं नाही किंवा वाचलेलं पटलं नाही की ही फाइल सिस्टीम स्वतःच जर्नल थांबवते आणि लिहायचं बंद करते. आमच्याकडे रोख आणि वही यांचा मेळ बसला नाही की मॅनेजर कपाटाला सील लावून वरिष्ठांना कळवायचे, तसं. ते सील मी यंत्र बंद-चालू करून फोडलं होतं.

शनिवारी तो आला, पिशवीत एक नवी दोन टीबीची डिस्क आणि एक पेन ड्राइव्ह घेऊन. आल्या आल्या चहा घेतला आणि यंत्राचं झाकण उघडलं. केबल बदलून पाहिली. मग पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सनं यंत्र सुरू केलं, म्हणजे आजारी डिस्कवर कोणी लिहिणार नाही. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते हे मला त्या दिवशी कळलं. त्या नोंदीत केबलच्या चुका शून्य होत्या, आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ या ओळीसमोर चाळीस. वाचता येत नाहीत आणि टाकूनही देता येत नाहीत, असे चाळीस तुकडे. “लाइटचा दोष नाही आत्या, किंवा नुसत्या लाइटचा नाही. डिस्क म्हातारी झालीय.”

मला वाटत होतं, आता तो दुरुस्ती करेल. त्यानं दुरुस्तीचं नावही काढलं नाही. आधी डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रॅमनं जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर घ्यायला सुरुवात केली. तो प्रोग्रॅम शहाण्या माणसासारखा काम करतो. जिथे अडतं तिथे हट्ट न करता पुढे जातो, सोपं आहे ते सगळं आधी उचलतो आणि अडलेल्या जागा एका फाइलीत लिहून ठेवतो. शेवटी त्या जागांवर परत येऊन एकेक तुकडा पुन्हा पुन्हा वाचून पाहतो. मरणाच्या दारातली डिस्क किती वेळ टिकेल सांगता येत नाही, म्हणून हा क्रम. पाचशे जीबीतलं जवळजवळ सगळं दोन तासांत उतरलं. उरलेल्या चिमूटभरासाठी रात्र गेली. मी मधून मधून उठून आकडा पाहत होते. पहाटे वाचता न आलेला भाग काही केबींवर आला आणि तिथेच थांबला.

मग त्या प्रतीचीही एक प्रत. आणि आता या दुसऱ्या प्रतीवर काम. एक बारकावा त्यानं मला मुद्दाम दाखवला, कारण नवख्या माणसाला तो कधीच कळला नसता. नुसतं वाचायला म्हणून, रीड-ओन्ली म्हणून उघडलं, तरी ईएक्सटी-४ आधी कीर्दीतल्या राहिलेल्या नोंदी खतावणीत चढवतं आणि मग दार उघडतं. म्हणजे ‘नुसतं बघतो’ म्हणतानाच डिस्कवर लिहिलं जातं. खरोखर काहीही न बदलता बघायचं असेल तर ‘नोलोड’ असा वेगळा शब्द द्यावा लागतो. त्यानं तो दिला आणि जेवढं सरळ वाचता येत होतं तेवढं आधी बाजूला काढून ठेवलं. मग दुसऱ्या प्रतीवर एफएससीके चालवलं, तेच प्रश्न, पण या वेळी मी शेजारी बसून प्रत्येकाचा अर्थ विचारत होते.

ते पाच फेऱ्या मारतं. पहिल्या फेरीत सगळे इनोड, दुसरीत फोल्डरांची रचना, तिसरीत सगळी फोल्डर एकमेकांना जोडलेली आहेत का, चौथीत एकेका इनोडला किती नावांचा आधार आहे, आणि पाचवीत शेवटच्या बेरजा. पावत्या, खाती, मग ताळेबंद : आमचा लेखापरीक्षक याच वाटेनं जायचा.

इनोड म्हणजे काय हे मला त्या दुपारी नीट समजलं आणि ते मी कधी विसरणार नाही. प्रत्येक फाइलीचा एक इनोड असतो. फाइल कोणाची, केवढी, कधी बदलली, तिचा मजकूर कोणकोणत्या ठोकळ्यांत आहे, हे सगळं त्यात असतं. नाव मात्र नसतं. नाव फोल्डरमध्ये असतं, अनुक्रमणिकेत असावं तसं, आणि नावापुढे इनोडचा क्रमांक. माझ्या फोटोंच्या फोल्डरची अनुक्रमणिका दोन-तीन ठोकळ्यांत होती, त्यातला एक ठोकळा वाचता न येणाऱ्या जागी होता. म्हणून शंभराहून जास्त फोटो शाबूत असून बेवारस झाले होते. त्यांचा इनोड होता, मजकूर होता, पण त्यांना हाक मारणारं कोणी नव्हतं. एफएससीके अशांना ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवतं आणि नाव म्हणून त्यांचा क्रमांकच देतं.

हे आमचं उचंत खातं! कुणाचे ते कळत नाही असे पैसे आले की तेवढ्यापुरते तिथे टाकायचे.

तपासणी संपली. ‘फाइल सिस्टीम वॉज मॉडिफाइड’ अशी ओळ आली. भाच्यानं पुन्हा चालवून पाहिलं तर उत्तर आलं, ‘क्लीन’. मी हात जोडले. “म्हणजे सगळं आलं?”

“नाही गं. ताळा जुळला, एवढंच.”

हे त्याला मला समजावून सांगावं लागलं नाही. ताळा जुळलेली आणि तरी खोटी असलेली पुस्तकं मी पाहिली आहेत. जी रक्कम बसत नाही ती उचंतला टाकली, जी नोंद पटत नाही ती खोडली, की बेरजा दोन्हीकडे सारख्या येतातच. एफएससीकेचं कामच ते आहे. पुढचा व्यवहार सुरक्षित चालावा म्हणून पुस्तक सुसंगत करणं. त्यासाठी न पटणारी फाइल पुसावी लागली तर ते पुसतं, आणि पुसण्याआधी विचारतं. विचारलं होतं त्यानं मला. हो म्हटलं होतं ते मी.

त्या रात्री मी नेमकं काय केलं होतं तेही त्यानं लपवलं नाही, आणि मला ते बरं वाटलं. इनोडांची यादी जिथे असते तिथला एक ठोकळा वाचता येत नव्हता. ठोकळा ४,०९६ बाइटचा, एक इनोड २५६ बाइटचा. म्हणजे एका ठोकळ्यात सोळा फाइली. ‘फोर्स रिराइट’ला हो म्हटल्यावर जे वाचता आलं नव्हतं त्याच्या जागी हाती होतं ते लिहिलं गेलं. डीडीरेस्क्यूनं त्या जागेवर धीरानं पुन्हा पुन्हा प्रयत्न केले असते तर कदाचित ते वाचताही आलं असतं. आता तो प्रश्न उरला नव्हता. मी गिरवलं नव्हतं, कोरं केलं होतं.

सोळा इनोड गेले होते, पण त्यांचा मजकूर डिस्कवर कुठेतरी पडलेला असणार होता. त्यासाठी फोटोरेक. हा प्रोग्रॅम नावं बघत नाही, यादी बघत नाही. जेपीजी फोटोची सुरुवात ठरावीक बाइटनी होते, त्या खुणेवरून तो अख्खी डिस्क पालथी घालतो. भाचेसुनेचे फोटो, जुन्या सहलींचे फोटो, वेबपेजवरची चित्रं, हजारो वस्तूंचा ढीग त्यानं आमच्यासमोर ओतला. त्या ढिगातून अण्णांची पानं वेचायला बराच वेळ लागला. सोळांपैकी अकरा फाइली म्हणजे वह्यांची पानं होती. नऊ पूर्ण मिळाली. दोन अर्धवट.

रविवारी संध्याकाळी भाचा पुण्याला गेला. जाताना जुनी डिस्क काढून कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली, नवी यंत्रात बसवली, सगळ्या पानांची एक प्रत स्वतःबरोबरही नेली. यूपीएस मी सोमवारी जाऊन घेतला.

पुढचे तीन आठवडे मी नावं ठेवत बसले. एक क्रमांक उघडायचा. आधी फोटो थोडा थोडा वरून खाली उतरतो, मग अण्णांचं अक्षर येतं, डोक्यावर महिना आणि साल. ‘जुलै १९७६.’ की मी लिहायची, १९७६-०७. ‘सप्टेंबर १९९१.’ १९९१-०९. दोन-चार पानांचा माथा फोटोत कापला गेला होता. मी फोटो वहीच्या क्रमानंच घेतले होते आणि फोटो काढल्याची वेळ फोटोच्या आतच नोंदलेली असते, नाव गेलं तरी ती जात नाही. त्या वेळेनुसार सगळे लावले की अनोळखी पान दोन ओळखीच्या पानांच्या मध्ये येऊन बसायचं. एक पान मात्र समासातल्या टिपेवरून ओळखलं. ‘ताईचा निकाल. प्रथम श्रेणी.’ घरात ताई मीच. ते १९७७ चं जूनचं पान होतं. निकालाच्या दिवशी सकाळी पाऊस मोजून, निकाल ऐकून, त्यांनी ते त्याच ओळीत लिहिलं होतं, हे मला माहीत नव्हतं. वह्यांचे फोटो घेताना मी फक्त पानं उलटत गेले होते, वाचली नव्हती.

अर्धवट मिळालेल्या दोन पानांपैकी एक वाचलेल्या अकरा वह्यांतलं निघालं. माळ्यावरून वही काढली, खिडकीशी धरून पुन्हा फोटो घेतला. दुसरं १९८३ च्या ऑगस्टचं. माथा स्वच्छ आहे. एक तारखेपासून सोळापर्यंतचे आकडे स्वच्छ आहेत, नऊ तारखेसमोर समासात ‘नदी पात्राबाहेर नाही’ असं लिहिलेलं वाचता येतं. त्याखाली सगळा फोटो एकसारखा राखाडी आहे. ती वही पुरात गेली.

तक्त्यात ते पान भरायला घेतलं तेव्हा सतरा तारखेवर येऊन हात थांबला. रिकाम्या पंधरा चौकटी. शून्य लिहिता येत नाही, ऑगस्टात पंधरा दिवस कोरडे गेले असं कोण म्हणेल? मग आडवी रेघ मारायला घेतली. पहिली रेघ मारली आणि पुसली. रेघ म्हणजे अण्णांनी मोजला नाही. पण ते त्या ऑगस्टात घरीच होते, माझी मोठी मुलगी तेव्हा सव्वा महिन्याची होती आणि मी माहेरी होते. रोज सकाळी साडेआठला त्यांना अंगणात वाकून मापाकडे बघताना मी ओसरीवरून पाहिलं आहे, मांडीवर बाळ घेऊन.

पंधराही चौकटी कोऱ्या ठेवल्या. शेजारच्या रकान्यात, समासासाठी ठेवलेल्या, लिहिलं : ‘मोजला होता. नोंद माझ्या हातून गेली.’ तक्ता साठवला आणि १९८३-०९ उघडलं.